फायली शाबूत, नोंदी गायब: घरच्या मीडिया सर्व्हरचा डेटाबेस रफू करताना

"तुझी पीएचडी नेमकी कशात आहे गं?" असं कुणी विचारलं की मी आजवर एक ठरलेलं वाक्य टाकायचे: वीज अचानक गेली तर साठवलेल्या माहितीचं काय होतं, याच्यात. समोरचा माणूस "अच्छा" म्हणून चहाकडे वळायचा. यंदा मात्र हा प्रश्न थेट माझ्या घरात घडला आणि त्यातून एक छोटं साधन तयार झालं. त्याचं नाव मी 'रफू' ठेवलंय. ते कसं बनलं, कुठे कुठे चुकलं आणि आत नेमकं काय चालतं, ते आज सांगते. डेटाबेस म्हणजे काय हे माहीत नसलं तरी चालेल, लागेल तेवढं वाटेत सांगत जाईन.

आधी घरची परिस्थिती. आमच्याकडे गावातल्या भजनी मंडळाच्या, कीर्तनांच्या आणि घरगुती कार्यक्रमांच्या जुन्या कॅसेटी होत्या. आजोबांनी रेकॉर्ड केलेल्या. बाबांनी निवृत्तीनंतर त्या सगळ्या संगणकावर उतरवून घेतल्या. एकूण १,१४० ध्वनिमुद्रणं. जुन्या लॅपटॉपवर मी त्यांना एक मीडिया सर्व्हर बसवून दिला, म्हणजे घरातल्या टीव्हीवर, फोनवर कुठेही ऐकता येतं. मग दोन वर्षं बाबा आणि आजी रोज दुपारी बसायचे. आजी ऐकायची, ओळखायची: हा आवाज कुणाचा, पेटीवर कोण, कुठल्या सालची यात्रा, मागे कुत्रं भुंकतंय ते कुणाच्या वाड्यातलं. बाबा ते मराठीत टाइप करायचे. काही नोंदी एका ओळीच्या, काही पानभर. आजी गेल्या वर्षी गेली.

मार्चमधल्या एका संध्याकाळी लाइट गेली. लॅपटॉपला बॅटरी होती, तो चालू राहिला. पण ज्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर सगळं होतं तिचा अडॅप्टर भिंतीत. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली, ती बदलू बदलू म्हणत राहिलो होतो. दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन: "अगं, गाणी वाजतायत, पण नावं गेली सगळी. नुसते आकडे दिसतायत."

इथे पहिली गोष्ट समजून घेऊ. मीडिया सर्व्हर दोन वेगळ्या गोष्टी सांभाळतो. एक म्हणजे प्रत्यक्ष फायली, ऑडिओ किंवा व्हिडिओ. दुसरी म्हणजे त्यांच्याविषयीची माहिती: नाव, साल, टिपण, चित्र, कुणी कुठपर्यंत ऐकलं. ही दुसरी गोष्ट एका डेटाबेसमध्ये असते. ग्रंथालयातली पुस्तकं वेगळी आणि नोंदवही वेगळी, तसंच. प्लेक्स असो की जेलीफिन, घरगुती सर्व्हरमध्ये या नोंदवहीसाठी साधारण एसक्यूलाइट वापरतात. आमच्याकडे कुठला सर्व्हर होता हे सांगत नाही, कारण बिघाड त्याच्यामुळे झालाच नव्हता.

एसक्यूलाइट २००० सालापासून आहे आणि आज तुमच्या फोनमध्येही नक्की आहे. त्याचं वैशिष्ट्य असं की आख्खा डेटाबेस म्हणजे एकच फाईल. वेगळा सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, काही बसवायला नको. ही फाईल सारख्या आकाराच्या पानांमध्ये विभागलेली असते. पान ५१२ बाइटपासून ६५,५३६ बाइटपर्यंत असू शकतं. २०१६पासून नवी फाईल बनवताना सहसा ४,०९६ बाइटचं पान धरतात. आमची फाईल १६४ एमबीची, म्हणजे ४१,९८४ पानांची.

ही पानं एकामागून एक वाचायची नसतात. ती बी-ट्री नावाच्या रचनेत बांधलेली असतात. बायर आणि मॅकक्रेट या दोघांनी बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेत काम करताना ती मांडली आणि १९७२ साली तो शोधनिबंध छापून आला. मधली पानं फक्त वाट दाखवतात: "क्रमांक १ ते ४० हवेत तर त्या पानावर जा." खरी नोंद शेवटच्या पानांवर. म्हणजे मधलं एक पान खराब झालं तर त्याच्या खालची धडधाकट पानंसुद्धा सापडेनाशी होतात. ती जागेवर असतात, फक्त तिकडे जायची वाट नसते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच आहे.

आता लाइट जाण्याचं. हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तरही जुनं आहे. आमच्या गावात किराणा दुकानदार दोन वह्या ठेवायचे. दिवसभर जे होईल ते आधी रोजकीर्दीत, घडेल तसं, खाली खाली लिहीत जायचं. मग निवांत वेळी त्यावरून खतावणी करायची, म्हणजे ज्याच्या त्याच्या खात्यात मांडायचं. खतावणी अर्धवट असताना कुणी हाक मारली तरी बिघडत नाही, रोजकीर्द आहे ना. डेटाबेसही हेच करतात. बदल आधी एका वेगळ्या नोंदफाईलमध्ये लिहायचा, तो डिस्कवर पक्का पोचला याची खात्री करायची, मग मूळ फाईलला हात लावायचा. याला राइट-अहेड लॉग म्हणतात. मोठ्या डेटाबेससाठी या पद्धतीची सविस्तर मांडणी सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली 'एरीज' या नावाने केली, आणि आमच्या विषयात ती वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एसक्यूलाइटमध्ये ही सोय २०१० साली आली. त्यामुळे डेटाबेसच्या शेजारी आणखी दोन फायली दिसतात, एकीच्या नावाच्या शेवटी वॉल आणि दुसरीच्या शेवटी एसएचएम. वॉल ही रोजकीर्द. तिच्यात साधारण हजार पानं साठली की खतावणी होते.

मग इतकी चोख व्यवस्था असताना आमचं का बिघडलं?

कारण "डिस्कवर पक्का पोचला" हे डिस्क सांगते आणि डिस्क कधीकधी खोटं बोलते. ती आलेली पानं आधी स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत घेते आणि "झालं" म्हणून मोकळी होते. सगळं काही सुरळीत असेल तर काही क्षणांत ती खरोखर लिहिते. त्या काही क्षणांतच वीज गेली तर? २०१३च्या एका अभ्यासात संशोधकांनी १५ एसएसडी घेतल्या आणि त्या लिहीत असताना मुद्दाम वीज तोडली. पंधरापैकी तेरांनी काही ना काही विचित्र वागून दाखवलं. बाहेरच्या हार्ड डिस्कच्या बाबतीत आणखी एक मध्यस्थ असतो: यूएसबीच्या डबीतली चिप. 'आता नक्की लिही' हा आदेश ती पुढे पोचवते की गिळून टाकते, हे तिच्यावर.

तर खतावणी चालू असताना आमची डिस्क गेली. सलग सोळा पानांच्या जागी शून्यं. सोळा गुणिले ४,०९६ म्हणजे बरोबर ६४ केबी. इतका नेमका गोल आकडा दिसला की समजायचं, हा डेटाबेसचा दोष नाही, त्याच्या खालच्या थराचा आहे.

"मग बॅकअप?" तुम्ही विचारणारच. होता. मीच लावला होता. रोज पहाटे तीन वाजता डेटाबेसची फाईल दुसऱ्या जागी कॉपी करणारी एक ओळ. एकच प्रत, तेच नाव, रोज जुन्यावर नवी. त्या रात्री लाइट परत आली, पहाटे तीन वाजले आणि चांगल्या प्रतीवर खराब प्रत इमानदारीत लिहिली गेली. शिवाय चालू सर्व्हरची फाईल अशी साधी कॉपी करणं मुळातच चूक. वॉल फाईल मागेच राहते, आणि कॉपी चालू असताना पानं बदलली तर अर्धी जुनी अर्धी नवी अशी खिचडी मिळते. एसक्यूलाइटमध्ये चालू डेटाबेसची सुसंगत प्रत काढायची वेगळी सोय आहे. मला ती माहीत होती. मी त्यावर प्रयोगशाळेत भाषणही दिलंय. घरी मात्र "नंतर करू".

शनिवारी गाडी पकडून घरी गेले. पोचेपर्यंत बाबांनी सर्व्हर तीन वेळा बंद-चालू करून पाहिला होता. त्यांना बोलण्यात अर्थ नव्हता, आपण सगळे हेच करतो. पण दुरुस्तीच्या दृष्टीने हे सगळ्यात घातक. प्रत्येक वेळी सर्व्हर सुरू होताना काहीतरी लिहितो आणि ज्या रिकाम्या जागांमध्ये जुन्या नोंदींचे अवशेष असतात नेमक्या त्याच वापरून टाकतो. म्हणून 'रफू'चा पहिला नियम तिथेच ठरला: आधी सर्व्हर थांबला आहे का, फाईल कुणी उघडून बसलंय का ते बघ. बसलं असेल तर काहीही न करता बाहेर पड. दुसरा नियम: डेटाबेस, वॉल आणि एसएचएम या तिन्ही फायली जशाच्या तशा दुसरीकडे उतरवून घे आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर. मूळ फाईलला हात नाही. डिस्कवर पुरेशी जागा नसेल तरीही बाहेर पड. बाबा म्हणाले, "हे तुझं यंत्र जास्त करून नाहीच म्हणतंय." खरंय. दुरुस्तीच्या साधनाने मुळात नाही म्हणायला शिकावं असं माझं मत आहे.

मग तपासणी. एसक्यूलाइटमध्ये यासाठी दोन तयार तपासण्या आहेत. एक झटपट, एक पूर्ण. झटपट तपासणी पानांची रचना बघते, पण इंडेक्समधला मजकूर मूळ टेबलाशी जुळतो का हे बघत नाही. पूर्ण तपासणी तेही बघते. दोन्ही शंभर चुका सापडल्या की थांबतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. "फक्त शंभर चुका आहेत" असं वाटतं. खरं म्हणजे मोजणं तिथे संपलेलं असतं. मर्यादा वाढवून परत विचारावं लागतं.

बाजारात किंवा आंतरजालावर अशा वेळी मिळणारा सल्ला साधारण तीन शब्दांचा असतो: रीइंडेक्स, व्हॅक्यूम, डंप. रीइंडेक्स म्हणजे सगळे इंडेक्स पुसून टेबलावरून नव्याने बांधणं. व्हॅक्यूम म्हणजे आख्खी फाईल नव्याने लिहून मोकळी जागा काढून टाकणं. डंप म्हणजे सगळ्या नोंदी मजकूर म्हणून बाहेर काढणं आणि नव्या फाईलमध्ये भरणं. मीही याच क्रमाने साधन लिहायला बसले होते. सुदैवाने प्रतीवर.

पहिल्यांदा डंप करून पाहिला. तो बाहेर आला, मोठी मजकुराची फाईल तयार झाली. ती नव्या डेटाबेसमध्ये भरली तर डेटाबेस रिकामा! अर्धा तास मी डोकं खाजवत होते. मग फाईलच्या शेवटच्या ओळीकडे लक्ष गेलं. डंप सुरुवातीला एक व्यवहार उघडतो आणि सगळं ठीक असेल तर शेवटी 'कमिट' लिहितो. वाचताना चूक आली तर तो 'कमिट'ऐवजी 'रोलबॅक' लिहितो, म्हणजे "वरचं सगळं रद्द". अर्धवट माहिती पूर्ण समजून कुणी वापरू नये म्हणून केलेली ही काळजी आहे, बरोबरच आहे. पण माहीत नसलं तर माणूस समजतो की हाती काहीच लागलं नाही. 'रफू' आता ती शेवटची ओळ स्वतः वाचतं आणि स्पष्ट मराठीत सांगतं: "नोंदी मिळाल्या आहेत, पण अपुऱ्या."

डंप झाडाच्या वाटेने जातो, त्यामुळे वाट तुटली की अडखळतो. एसक्यूलाइटच्या कमांड ओळीत २०१९पासून 'रिकव्हर' नावाची दुसरी आज्ञा आहे, ती झाडावर विसंबत नाही. प्रत्येक पान स्वतंत्रपणे उघडून बघते, नोंदीचं दिसलं तर नोंद काढते. कुठल्या टेबलाची ते कळलं नाही तर 'हरवलं-सापडलं' अशा अर्थाच्या नावाचं एक वेगळं टेबल बनवून त्यात टाकते. एसटी स्टँडवरच्या चौकशी खिडकीत छत्र्या ठेवतात तसं. यात एक गंमत, किंवा भीती म्हणा, अशी की पूर्वी खोडलेल्या नोंदीही परत येऊ शकतात. बाबांनी कधीकाळी दोनदा चढलेलं एक कीर्तन काढून टाकलं होतं, ते पुन्हा हजर झालं. मोकळ्या पानांकडे दुर्लक्ष करायचा पर्याय आहे, पण आम्हाला तर मोकळी पानंही हवी होती. म्हणून 'रफू' असल्या नोंदी घेतं, पण त्यांच्यावर 'संशयित' असा शिक्का मारून वेगळ्या ठेवतं.

रिकव्हरनंतर हिशेब मांडला. फायलींचं टेबल पूर्ण होतं: १,१४०. नावं-टिपणांच्या टेबलात नोंदी १,०७९. म्हणजे ६१ अनाथ. ही मोजणी एसक्यूलाइटची तपासणी करून देत नाही बरं का. एका टेबलातला क्रमांक दुसऱ्या टेबलात आहे की नाही हे पूर्ण तपासणीत येत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी आहे. म्हणजे नव्या फाईलवर तपासणी चालवली तर ती "ओके" म्हणते, आणि ६१ नोंदी गेलेल्या असतात. रचना धड आहे, एवढाच त्या "ओके"चा अर्थ. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण या एका शब्दावर उभं आहे.

सोळा पानांपैकी चौदा मुख्य टेबलाची होती, दोन इंडेक्सची. आणि इथे मला तो शोध लागला ज्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

इंडेक्स म्हणजे काय? पुस्तकाच्या शेवटी सूची असते तशी: नाव आणि ते कुठल्या क्रमांकावर आहे. सर्व्हरला नावावरून अकारविल्हे यादी दाखवायची असते, म्हणून त्याने नावांचा इंडेक्स केलेला. म्हणजे प्रत्येक ध्वनिमुद्रणाचं नाव फाईलमध्ये दोनदा लिहिलेलं असतं! एकदा टेबलात, एकदा इंडेक्समध्ये. टेबलातलं पान शून्य झालं तरी इंडेक्समधलं नाव आणि क्रमांक शाबूत असू शकतात. रीइंडेक्स हा सल्ला मी पहिल्या तासात पाळला असता तर काय झालं असतं? त्याने इंडेक्स पुसून उरलेल्या टेबलावरून नवा बांधला असता, आणि हरवलेल्या नावांची दुसरी, एकमेव उरलेली प्रतही गेली असती. तपासणी मात्र "ओके" म्हणाली असती.

रीइंडेक्स वाईट नाही. इंडेक्स खराब आणि टेबल धड, अशा वेळी तोच बरोबर उपाय आहे आणि क्षणात होतो. पण कुठला आजार आहे ते न बघता गोळी देऊ नये, इतकंच. 'रफू'मध्ये म्हणून निदान आणि उपचार या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. निदानात टेबलाची पानं खराब आढळली तर आधी सगळे इंडेक्स वाचून त्यांतला मजकूर बाजूला काढला जातो.

६१पैकी ४७ नावं इंडेक्समधून मिळाली. उरली १४.

यांच्यासाठी शेवटची युक्ती होती, ती देवनागरीने दिली. सर्व्हर स्वतःहून जे काही लिहितो, फायलींचे पत्ते, सेटिंग, तारखा, ते सगळं रोमन अक्षरांत. मराठी फक्त बाबांनी टाइप केलेलं. एसक्यूलाइट मजकूर सहसा यूटीएफ-८ या पद्धतीने ठेवतं आणि त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं होतं. त्यातले पहिले दोन बाइट, सोळा-आधारी अंकांत लिहायचे तर, ई० ए४ किंवा ई० ए५ असेच असतात. देवनागरीची आख्खी पट्टी या दोन जोड्यांत बसते. म्हणजे १६४ एमबीच्या फाईलमध्ये, पान-झाड-टेबल सगळं विसरून, नुसत्या या जोड्या सलग कुठे येतात ते शोधायचं. जिथे येतात तिथे बाबांचं काहीतरी आहे.

एखादी नोंद बदलली की ती बऱ्याचदा दुसऱ्या जागी लिहिली जाते आणि जुनी जागा "मोकळी" म्हणून खुणावली जाते. खुणावली जाते, पुसली नाही जात (पुसायची वेगळी सेटिंग आहे, ती इथे बंद होती). मोकळ्या झालेल्या तुकड्याचे पहिले चार बाइट मात्र खुणेसाठी वापरले जातात, आणि नोंदीचा क्रमांक बहुधा त्यातच जातो. म्हणून असा सापडलेला मजकूर कुठल्या फाईलचा ते यंत्राला सांगता येत नाही. 'रफू' असे तुकडे नुसते यादी करून समोर ठेवतं. त्या रात्री बाबा आणि मी जेवणानंतर त्या यादीसमोर बसलो. तुकडा वाचायचा, बिननावाच्या चौदांपैकी एकेक वाजवून बघायचं. "हे यात्रेचंच. मागे ढोल ऐकू येतोय बघ." आठ जुळली.

देवनागरीचा एक तोटाही इथे कळला, जो मी आधी कुठे वाचला नव्हता. ४,०९६ बाइटच्या पानावर एका नोंदीला ४,०६१ बाइटपर्यंतच जागा मिळते. त्याहून लांब झाली तर उरलेला मजकूर वेगळ्या 'ओव्हरफ्लो' पानांवर जातो. रोमन लिपीत हे चार हजार अक्षरांनी होईल. मराठीत काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे साडेतेराशे चिन्हांच्या आसपासच. ओव्हरफ्लो पानावर "मी अमुक प्रकारचं पान" अशी खूणही नसते: सुरुवातीला पुढच्या पानाचा क्रमांक, मग नुसता मजकूर. साखळीतली पहिली कडी शून्य झाली की पुढची पानं कुणाची ते कळायला मार्ग नाही. थोडक्यात, आजीने ज्या मुद्रणाबद्दल सगळ्यात जास्त सांगितलं, त्याचीच नोंद सगळ्यात नाजूक. अशी चार लांब टिपणं होती. दोन आम्ही मधल्या वाक्यांवरून जोडली. एकाची सुरुवात नाही, शेवट आहे. चौथ्याचं काहीच सापडलं नाही.

राहता राहिली बदली, म्हणजे नवी फाईल जुनीच्या जागी बसवणं. हे सोपं वाटतं आणि इथेच लोक पुन्हा घसरतात. नवी फाईल ठेवली आणि शेजारी जुनी वॉल तशीच राहिली, तर पुढच्या वेळी डेटाबेस उघडताना जुन्या रोजकीर्दीतली पानं नव्या खतावणीत लिहिली जाऊ शकतात. केलेली सगळी मेहनत पाण्यात. म्हणून आधी जुन्या तिन्ही फायली एकत्र बाजूला, मग नवी फाईल त्याच डिस्कवर वेगळ्या नावाने पूर्ण लिहायची, डिस्कवर पोचवायची, आणि शेवटी फक्त नाव बदलायचं. नाव बदलणं एकतर पूर्ण होतं नाहीतर होतच नाही, मधलं काही नसतं. फाईलची मालकी आणि परवानग्याही जुन्यासारख्या कराव्या लागतात, नाहीतर सर्व्हरला फाईल उघडताच येत नाही आणि माणसाला वाटतं दुरुस्ती फसली.

आणखी एक अडचण, जी फक्त मीडिया सर्व्हरमध्येच जास्त भेटते: काही सर्व्हर एसक्यूलाइटमध्ये स्वतःची भर घालतात, म्हणजे वेगवेगळ्या भाषांच्या अकारविल्हे क्रमासाठी किंवा शोधासाठी. प्लेक्स तर स्वतःचं एसक्यूलाइट सोबतच देतं. अशी फाईल साध्या एसक्यूलाइटने तपासली की ते "हा क्रम मला माहीत नाही" म्हणून अडतं. तो बिघाड नव्हे. 'रफू' आधी सर्व्हरसोबतचं एसक्यूलाइट सापडतं का बघतं आणि तेच वापरतं.

घरचं काम झालं, पण हे संशोधन कसं, हा प्रश्न उरतो. एकदा चाललं म्हणजे साधन चांगलं, असं म्हणता येत नाही. सध्या मी उलटं करतेय. धडधाकट डेटाबेस घ्यायचा आणि त्याला मुद्दाम, मोजून मापून बिघडवायचं: एखादं पान शून्य कर, दोन पानांची अदलाबदल कर, फाईलचं शेपूट काप, अर्धं पान नवं अर्धं जुनं ठेव. मूळ प्रत माझ्याकडे असल्यामुळे दुरुस्तीनंतर काय मिळालं, काय गेलं आणि काय चुकीचं आलं हे ताडून पाहता येतं. यातला तिसरा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हरवलेली नोंद माणूस शोधतो, चुकीच्या नोंदीवर मात्र तो विश्वास ठेवतो. या धर्तीचं काम आधी झालेलं आहे: विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या गटाने २०१४ साली अकरा प्रणाली अशाच तपासल्या होत्या आणि वीज गेल्यावर बिघडू शकतील अशा साठ जागा दाखवल्या होत्या. त्यांनी बिघाड कसा होतो ते पाहिलं, मी झाल्यानंतरचं बघतेय.

सगळ्यात चकवणारा प्रकार कुठला म्हणाल तर हरवलेलं लिखाण. डिस्कने "लिहिलं" म्हणून सांगितलं आणि लिहिलंच नाही. पान जुनंच राहिलं. ते पान स्वतःपुरतं अगदी व्यवस्थित असतं, फक्त कालचं असतं. एसक्यूलाइटच्या वॉलमध्ये प्रत्येक पानाला पडताळ्याचा आकडा असतो, पण मुख्य फाईलमधल्या पानांना सर्वसाधारणपणे नसतो. बदल नावात असेल तर इंडेक्सशी तुलना करून पकडता येतो. टिपणात असेल, ज्याचा इंडेक्स नाही, तर आज तरी माझ्याकडे तो पकडायचा उपाय नाही.

देखभालीबद्दल थोडं. दर आठवड्याला व्हॅक्यूम करा असं सांगतात, मला ते पटत नाही. फाईल नव्याने लिहायला तिच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा लागू शकते, डिस्कला काम वाढतं, आणि फायदा खूप काही खोडलं असेल तरच. घरी आता रात्री एसक्यूलाइटच्या स्वतःच्या सोयीने प्रत निघते, वेगळ्या डिस्कवर, वारानुसार सात नावांनी. प्रत काढल्यावर तिचीच तपासणी होते, आणि नोंदींची संख्या कालच्यापेक्षा अचानक कमी असेल तर जुनी प्रत पुसली जात नाही. शिवाय आठवड्यातून एकदा सगळी नावं-टिपणं साध्या मजकूर फाईलमध्ये उतरतात. ती बाबांनी छापून पंच करून फाईलला लावलीय. यूपीएसची बॅटरीही बदलली.

उरलेल्या सहांपैकी तीन बाबांना ऐकता ऐकता आठवली. तीन राहिली. त्यांतल्या एकात दोन बायका ओवी म्हणतायत आणि मध्येच हसतायत. मंडळात तबल्याला बसायचे ते काका अजून गावात आहेत, त्यांना ऐकू जरा कमी येतं. बाबा गणपतीत त्यांच्याकडे हेडफोन घेऊन जाणार आहेत.